घरच्या कळपासाठी कोंबडा निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्याच अंड्यांतून पुढची पिढी काढायची ठरवली, की पहिला पेच पडतो तो नराचा. पाच-सहा तरणे कोंबडे आवारात बांग देत फिरत असतात आणि ठेवायचा असतो एखादाच. खालची उत्तरं अंडी आणि मांस दोन्हींसाठी पाळलेल्या छोट्या कळपाला धरून आहेत. प्रदर्शनात उतरवायच्या पक्ष्यांचे निकष वेगळे असतात, ते इथे घेतलेले नाहीत.

कोंबड्याच्या निवडीला एवढं महत्त्व कशाला? अंडी तर कोंबडीच देते.

प्रत्येक पिल्लाचा निम्मा वारसा बापाकडून येतो. दहा कोंबड्यांत एखादी सुमार निघाली, तर तिचा परिणाम तिच्याच पिल्लांपुरता राहतो. एकुलता एक नर सुमार निघाला, तर त्या वर्षीचं एकही पिल्लू त्यातून सुटत नाही.

शिवाय निवडीला खरी जागा नरांमध्येच असते. चाळीस पिल्लं निघाली तर त्यांत साधारण वीस माद्या असतात. अंड्यांसाठी त्यांतल्या बहुतेक ठेवाव्याच लागतात. वीस नरांतले मात्र एक-दोनच हवे असतात. म्हणजे अठरा बाद करण्याची मुभा आपल्याला असते. ती न वापरता ‘हा दिसायला छान आहे’ म्हणून एक ठेवणारे बरेच भेटतात.

किती नरांतून एक निवडावा?

आठ-दहा तरी असावेत. दोनांतून एक उचलणं म्हणजे निवड नव्हे, नाणेफेक.

कोणत्या वयात निवड करावी?

एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. आठव्या आठवड्यात सगळ्यांना पायात रंगीत कडी घाला, वजन करा आणि उघड व्यंग असलेले वेगळे काढा. या वयात वाढीचा वेग चांगला कळतो. पुढे सगळेच मोठे दिसू लागले की कोण लवकर वाढला आणि कोण मागून आला, हे आठवत नाही. वही ठेवा. आठवणीवर विसंबणाऱ्याच्या मनात नेहमी सर्वांत भडक पिसांचा नरच राहतो.

सोळाव्या आठवड्याच्या सुमारास हाडापेराचा अंदाज येतो. शेवटचा निर्णय पाच-सहा महिन्यांनंतर घ्या. भारी अंगाच्या जातींना आठ-नऊ महिनेही लागतात, त्यांच्या बाबतीत घाई केली तर हडकुळे म्हणून चांगलेच पक्षी बाद होतात.

इथे एक फसगत हमखास होते. जो आधी आरवतो आणि ज्याचा तुरा आधी लाल होतो, तो सरस वाटतो. प्रत्यक्षात एकत्र वाढणाऱ्या नरांत एकाचा वरचष्मा बसला, की दबलेल्या भावांचे तुरे आणि आवाज मागे पडतात. शंका असेल तर दबलेल्या दोघा-तिघांना काही आठवडे वेगळं ठेवून पाहा. काहींचं रूप ओळखू येणार नाही इतकं पालटतं.

हातात धरून नेमकं काय तपासायचं?

हातात घेण्याआधी लांबून पाहा. सरळ रेषेत चालतो का, दोन्ही पाय समान टेकतो का, उभा राहताना गुडघ्यासारखे दिसणारे मागचे सांधे आत वळून एकमेकांना घासत नाहीत ना? पायांमध्ये अंतर हवं. अरुंद पायांचा नर बहुधा अंगानेही अरुंद असतो.

मग पहाटे, दाणा टाकण्याआधी, खुराड्यातून उचला. गळ्याखालची दाण्याची पिशवी यावेळी रिकामी असायला हवी. आदल्या दिवसाचं खाणं अजून तिथेच असेल तर पचनात काहीतरी अडलेलं आहे. पक्षी कानाजवळ धरून श्वास ऐका, घरघर नको.

आता बोटांनी पाहा, कारण पिसं फार लपवतात. छातीच्या मधल्या हाडावरून पुढून मागे बोट फिरवा. ते सरळ आणि लांब हवं. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं पाहिजे. हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला टोचत असेल तर पक्षी खंगलेला आहे किंवा त्याच्या वंशातच मांस धरत नाही. पाठीवर पंजा पसरून ठेवा. खांद्याशी रुंद असलेली पाठ शेपटीकडे एकदम निमुळती होत असेल तर तो आकार पिल्लांतही उतरतो. दोन पायांच्या पुढे, छातीच्या घेरावर हात घाला: हृदय आणि फुप्फुसांना जागा इथेच मिळते. एकाच वयाचे चार नर पाठोपाठ हातात घेतले की हा फरक कुणी शिकवावा लागत नाही.

डोकं रुंद, चोच जाड आणि आखूड, डोळा तेजदार. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या गोल आणि सारख्या आकाराच्या हव्यात. डोळ्याचा रंगीत भाग राखाडी पडून बाहुलीची कड वेडीवाकडी झालेली दिसली तर मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची शंका घ्या, असा नर ठेवू नका. पंख उलगडून पाहा. टोकाकडची आणि आतली मोठी पिसं यांच्यामध्ये खिंड दिसत असेल तर ते वारशाने चालणारं व्यंग आहे. शेवटी मागच्या द्वाराभोवतीची पिसं बाजूला करा. उवा आणि त्यांच्या लिखांचे पुंजके तिथेच सापडतात. पायाचे खवले उचललेले आणि खरखरीत असतील तर खरजेचे किडे असतात. त्यावर उपचार होतो, पण तो आधी करा आणि मगच नर माद्यांत सोडा.

कोणते दोष अजिबात चालवून घेऊ नयेत?

वरची आणि खालची चोच एकमेकींना छेद देऊन जाणं, एका बाजूला कायमची कललेली शेपटी, वाकडा कणा, छातीचं वाकडं हाड, दुभंगलेला पंख, वाकडी बोटं. यांतले काही दोष वारशाने येतात, काही उबवणीतल्या किंवा खाद्यातल्या चुकीने. बोटं निसरड्या जमिनीवर वाढलेल्या पिल्लांचीही वाकतात आणि आईच्या खाद्यात रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) कमी पडलं तरी वळतात. छातीचं हाड कोवळ्या वयात बारीक दांडीवर बसूनही वाकतं. कारण काय, हे एका पक्ष्याकडे पाहून ठरवता येत नाही. म्हणून नराच्या बाबतीत शंकेचा फायदा देऊच नका. मादी असती तर अंड्यांसाठी ठेवता आली असती.

उलट, फाटलेला तुरा, तुटलेलं नख, भांडणातली खूण किंवा थंडीने काळवंडून झडलेली तुऱ्याची टोकं पाहून चांगला नर घालवू नका. जखम वारशाने जात नाही. रंगातली उणीव किंवा तुऱ्याला एखादा दात कमी-जास्त असणं, हेही घरच्या कळपात शेवटी पाहायचं. आधी शरीर, मग स्वभाव, आणि उरलंच काही निवडायला तर पिसं.

तुऱ्याच्या आकारावरून काही कळतं का?

तब्येत कळते. लाल, उबदार, टवटवीत तुरा म्हणजे वयात आलेला, धडधाकट नर. फिकट तुरा रक्ताची कमतरता किंवा किडे, निळसर तुरा श्वासाचा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास सुचवतो.

आकाराचं एक महत्त्वाचं प्रकरण आहे. चपटा, बारीक उंचवट्यांचा आणि मागे टोक असलेला गुलाबतुरा ज्या जातींत असतो, तिथे त्या तुऱ्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बाळगणाऱ्या नरांची प्रजननक्षमता कमी असते; त्यांचे शुक्राणू नीट पोहत नाहीत. एकच प्रत असलेले नर ठीक असतात. म्हणूनच अशा जातींत अधूनमधून साध्या, उभ्या तुऱ्याची पिल्लं निघतात आणि जाणते पाळणारे ती सरसकट काढून टाकत नाहीत. मटारतुरा, म्हणजे आसीलसारख्या जातींचा तीन रांगांचा ठेंगणा तुरा, या भानगडीत येत नाही.

अंडी वाढवायची आहेत. नरात काय पाहू?

नराकडे पाहून अंड्यांचं काहीच कळत नाही. त्याच्या आईकडे आणि बहिणींकडे पाहा. आई वर्षभर सातत्याने घालणारी होती का, पिसं झडल्यावर लवकर पुन्हा सुरू झाली का, तिच्या अंड्याचं कवच मजबूत होतं का? बहिणी किती लवकर घालू लागल्या? नोंद नसेल तर आजपासून सुरू करा, पुढच्या वर्षीची निवड त्यावर होईल.

यामागे एक गंमत आहे. कोंबड्यांत नराकडे झेड गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, तर मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मुलीला तिचं एकमेव झेड बापाकडूनच मिळतं. आईचं झेड मुलाकडे जातं आणि त्याच्यामार्फत नातींकडे. उत्तम घालणाऱ्या कोंबडीचा मुलगा नर म्हणून ठेवला तर तिचा वारसा एका फटक्यात सगळ्या नातींमध्ये वाटला जाऊ शकतो.

अंड्याच्या कवचाच्या रंगावर नराचा परिणाम होतो का?

आज घातलेल्या अंड्यावर नाही, पुढच्या पिढीच्या अंड्यांवर होतो. निळ्या कवचाचं जनुक प्रभावी आहे, बापाकडून एक प्रत आली तरी मुलगी निळसर किंवा हिरवट अंडी घालते. तपकिरी रंग अनेक जनुकांचा मिळून ठरतो. गडद हवा असेल तर गडद अंड्यातून निघालेला नर घ्या.

नर माणसांवर धावून येतो. तरीही बाकी सगळं चांगलं असेल तर?

तरीही नको. आक्रमकपणाचा काही भाग वारशाने येतो आणि पाच किलोचा संतापलेला नर लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर उडी मारतो. पायामागचा काटा डोळ्याला लागू शकतो.

पण आक्रमक कोण, हे ओळखताना गल्लत होते. पाच ते नऊ महिन्यांच्या वयात जवळजवळ सगळेच नर थोडे माजतात. समोर येऊन एक पंख जमिनीला घासत गोल फिरणं, बूट टोचून पाहणं, हे तुम्हाला जोखणं आहे. पळू नका आणि लाथही मारू नका. शांतपणे त्याच्या दिशेने चालत जा आणि तो बाजूला होईपर्यंत उभे राहा. बहुतेक जण यावरच थांबतात. जो मागून येऊन मारतो, किंवा हटवल्यावर पुन्हा पुन्हा येतो, त्याला वंशातून बाद करा. हातावर खाऊ घालून लाडावलेला नर कधीकधी जास्त धीट होतो, कारण त्याला माणसाचा धाकच उरत नाही. म्हणून भावी नरांना पिल्लू असताना खेळवत बसू नये, असं माझं मत आहे. रोजचं नेमकं हाताळणं पुरे.

चांगल्या स्वभावाची खूण माद्यांशी वागण्यात दिसते. दाणा सापडला की तो विशिष्ट कुरकुर करत चोचीने उचलून टाकतो आणि माद्यांना खाऊ देतो. आकाशात घार दिसली तर वेगळा आवाज काढतो आणि कुत्रा आला तर त्याहून वेगळा. मादीजवळ जाण्याआधी फेर धरतो. कोवळा नर मात्र यातलं काही न करता मागे धावून झडप घालतो. वर्षभरात बरेच सुधारतात, त्यामुळे या एकाच कारणावरून सहा महिन्यांच्या नराला नापास करू नका. जुन्या, खमक्या माद्यांच्या संगतीत ठेवा, त्या त्याला वळण लावतात.

एका नरामागे किती माद्या?

हलक्या अंगाच्या जातींत दहा-बारा, भारी जातींत सहा ते आठ. माद्या फार कमी असतील तर त्याच त्या दोघी-तिघींच्या पाठीची आणि डोक्याची पिसं उडतात. पाठ उघडी पडलेली दिसली तर नराची नखं आणि काट्याची टोकं घासून बोथट करा आणि त्या मादीला काही दिवस विश्रांती द्या.

दोन नर एकत्र राहतील का?

एकत्र वाढलेले भाऊ, भरपूर जागा आणि पुरेशा माद्या असतील तर बहुतेकदा राहतात. पण मग पिल्लाचा बाप कोण, हे कळत नाही, आणि निवडीची सारी मेहनत तिथेच धूसर होते. उबवणीच्या काळापुरती तरी एका नराची एक टोळी वेगळी कोंडा.

नर कामाचा आहे का, हे कसं ओळखू?

संध्याकाळच्या आधीच्या वेळात लक्ष ठेवा, मीलन तेव्हा जास्त होतं. चढतो पण तोल सांभाळता येत नाही, किंवा द्वार टेकण्याआधीच उतरतो, असं होत असेल तर पाय, वजन किंवा वय यांत कारण शोधा. दाट, फुगीर पिसांच्या जातींत मागच्या पिसांचाच अडथळा होतो. नर आणि मादी दोघांच्या द्वाराभोवतीची पिसं कातरली की प्रश्न सुटतो.

मग स्वयंपाकासाठी फोडलेल्या अंड्यांकडे पाहा. बलकावर एक पांढरा ठिपका असतो. तो लहान, घट्ट आणि वेड्यावाकड्या कडेचा असेल तर अंडं फलित नाही. तीन-चार मिलिमीटरचा गोल, मध्ये पारदर्शक आणि भोवती पांढरं कडं असा दिसला तर फलित. उबवायला ठेवलेली अंडी सातव्या दिवशी अंधारात उजेडावर धरा. दहांतली आठ-नऊ फलित हवीत. अंडं अगदी स्वच्छ दिसलं तर नराकडे बोट दाखवता येतं, पण रक्ताची रेघ किंवा कडं दिसलं तर अंडं फलित होतं आणि गर्भ नंतर मेला. त्याचा दोष साठवणूक, उबवणी किंवा आईच्या खाद्याकडेही जातो.

दिवस लहान झाले की प्रजननक्षमता घटते. सुमारे चौदा तास उजेड मिळाला की ती सुधारते. कडक उन्हाळ्यातही शुक्राणूंचा दर्जा पडतो. उन्हाळ्यातल्या एका खराब खेपेवरून नर काढू नका.

नर किती वर्षं वापरावा?

पहिली दोन वर्षं जोमाची, पुढे हळूहळू उतार. तरी तीन-चार वर्षांचा निरोगी, अजून फलित अंडी देणारा नर मला तरण्यापेक्षा मोलाचा वाटतो. इतकी वर्षं आजाराशिवाय टिकण्याची परीक्षा त्याने दिलेली असते आणि त्याच्या मुलींची अंडीही मोजून झालेली असतात. त्याला माद्या कमी द्या.

नवा नर सोडल्यावर कितव्या दिवसापासूनची अंडी उबवायला घ्यावीत?

फलित अंडी दोन-तीन दिवसांतच मिळू लागतात, पण आठवडाभर थांबलेलं बरं. आधी दुसरा नर असेल तर हिशेब बदलतो. कोंबडीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात, त्यांत शुक्राणू दोन-तीन आठवडे टिकून राहतात. नव्या नराची पिल्लं खात्रीने हवी असतील तर जुना काढल्यानंतर तीन आठवडे जाऊ द्या.

घरचाच नर किती पिढ्या चालवता येईल?

हा प्रश्न उशिरा विचारला जातो, सहसा अंड्यांतून पिल्लं कमी निघू लागल्यावर. बाप-मुलगी किंवा सख्ख्या भावंडांच्या जोडीतून झालेल्या पिल्लाचा अंतःप्रजननाचा (म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजननाचा) गुणांक २५ टक्के असतो, सावत्र भावंडांच्या जोडीतून १२.५ टक्के. कळपाच्या पातळीवरही गणित सोपं आहे: नर आणि माद्यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करा आणि दोन्हींच्या बेरजेने भागा. एक नर आणि दहा माद्या असतील तर अकरा पक्ष्यांचा हा कळप वारशाच्या दृष्टीने ३.६ पक्ष्यांएवढाच ठरतो आणि दर पिढीत अंतःप्रजनन जवळजवळ १४ टक्क्यांनी वाढतं. दोन नर ठेवले तर तोच आकडा ६.७ होतो आणि वाढ ७.५ टक्क्यांवर येते. माद्या दुप्पट करूनही एवढा फरक पडत नाही, तो एका जास्तीच्या नराने पडतो.

जागा असेल तर तीन टोळ्या करा. मुली आईच्याच टोळीत राहतात. निवडलेला मुलगा नेहमी पुढच्या टोळीत जातो: पहिलीचा दुसरीत, दुसरीचा तिसरीत, तिसरीचा पहिलीत. तीन रंगांची कडी वापरली की चूक होत नाही. बाहेरचा पक्षी न आणता अशी व्यवस्था अनेक वर्षं चालते. जागा एकाच टोळीची असेल तर दर दोन-तीन पिढ्यांनी बिननात्याचा नर आणावा लागतो. उबवण घटणं, पिल्लं दुबळी निघणं, नरांचा जोम कमी होणं ही लक्षणं दिसण्याची वाट पाहू नका.

बाहेरून नर आणताना काय विचारावं?

त्याचे आई-बाप आणि भावंडं दाखवा म्हणावं. एकटाच उत्तम आणि भावंडं सुमार असतील तर त्याच्या पिल्लांत भावंडंच जास्त दिसतील. लसी कोणत्या दिल्या, श्वासाचे आजार होऊन गेलेत का, हेही विचारा. मायकोप्लाझ्मा आणि पुलोरम हे आजार अंड्यातून पिल्लांत जातात आणि बरा दिसणारा पक्षीही ते बाळगतो. घरी आणल्यावर महिनाभर वेगळं ठेवा, त्याचं दाणा-पाणी शेवटी करा. जमलं तर पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्या.

नराला माद्यांचंच खाद्य चालेल का?

अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. नराला एक टक्का पुरतं. जास्तीचं वर्षानुवर्षं खाऊन मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. सर्वांना कमी कॅल्शियमचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, माद्या गरजेपुरता खातात. वजनावर लक्ष ठेवा. जड झालेला नर चढत नाही. जो माद्यांना खाऊ घालत स्वतः उपाशी राहतो, त्याला उबवणीच्या दिवसांत बाजूला घेऊन रोज मूठभर चारा.

निवड बरोबर झाली का, हे कधी कळतं?

पिल्लं आठ आठवड्यांची झाली की थोडं, मुली घालू लागल्या की बरंचसं. दोन नरांमध्ये निर्णय होत नसेल तर दोघांनाही सारख्याच माद्या आळीपाळीने द्या, मध्ये तीन आठवड्यांचं अंतर ठेवा, आणि पिल्लांना वेगवेगळी कडी घाला. निघालेल्या पिल्लांची संख्या, आठव्या आठवड्याचं वजन, व्यंग आणि मेलेली पिल्लं, एवढ्या चार नोंदी पुरेत. देखण्या नराची पिल्लं फिकी आणि हडकुळी, बिनरंगी नराची भरदार, असं बऱ्याचदा दिसतं. तेव्हा वहीचं ऐका.

निवडून झाल्यावर बाकीचे लगेच काढून टाकायचे का?

सगळे नाही. दुसऱ्या क्रमांकाचा नर किमान पहिली खेप फलित आहे हे कळेपर्यंत, आणि जमलं तर हंगाम संपेपर्यंत, वेगळ्या खुराड्यात ठेवा. मुंगूस अचानक येतं आणि नर सहसा माद्यांच्या पुढे उभा राहतो.